चाकणला येत नाही, त्याचं कारण

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा बेळगाव-खानापूरच्या गाडीत उभ्यानं ऐकला, तेव्हा निम्मं कळलंच नाही, कारण आता आपली गाडी कशी भरत्या तुला म्हाईत नाही. 11 जून 2023 पासून आपल्या कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आधार दाखवलं की झिरोचं तिकीट, त्यामुळं आपण पैसे देऊन उभं राहायचं. बोलत नाही मी काय, बहीण त्याच गाडीनं रोज फुकट कॉलेजला जात्या, नाहीतर तिचं कॉलेज कधीच बंद पडलं असतं.

तर तू म्हणतोयस चाकणला कंपनीत कामाला ये म्हणून. 18 हजार, ओव्हरटाइम वेगळा, रूमवर पाच जण, ठेकेदार आपल्याच भागातला. खरं सांगू, दोन वर्षांपूर्वी बोलवला असतास तर त्याच रात्री बॅग भरून आलो असतो. आता येत नाही. का ते फोनवर सांगायला जमत नाही, तू मधेच हसतोस, म्हणून लिहालोय.

पीयूसीत, म्हणजे बारावीला, इंग्लिशमध्ये आपली दोघांची दांडी उडाली आणि 2018 ला मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, लागलो हे तुला म्हाईतच हाय. फेटलिंगला. मोल्ड म्हणजे साचा फोडून कास्टिंग, ओतलेला भाग, आलं की त्याचे रनर रायझर, म्हणजे ओतताना चिकटून राहिलेले जास्तीचे तुकडे, तोडायचे आणि ग्राइंडरवर घासायचं, दिवसभर तेवढंच. रुमालात शिंकरलं की काळं. 300 रुपये हजेरी. पाच वर्षांत तीन ठेकेदार झाले, शेवटचा मला बेळगावजवळ मच्छेला मशीनशॉपला घेऊन गेला आणि हजेरी 430 वर आली. दर अकरा महिन्यांनी ब्रेक, पंधरा दिवस घरी, मग नवीन कार्ड, परत पहिल्या दिवसापासनं. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशाला, सलग पाच वर्षं लागतात म्हणून ब्रेक देतात असं जुनी माणसं म्हणायची. एकदा डोळ्यात ग्राइंडरचा कण गेला, तर ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याचे, 0.75 टक्के दर महिन्याला कापूनबी माझं कार्डच काढलेलं नव्हतं. प्रायव्हेटमध्ये 1800 गेले. ते जाऊ दे, डोळा हाय अजून.

ज्याच्यामुळं डोकं फिरलं ती गोष्ट डिसेंबर 2023 ची. मच्छेला मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लोडिंग अनलोडिंग करत होतो. म्हणजे कास्टिंग चकमध्ये, मशीनच्या पकडीत, लावायचं, दार बंद, हिरवं बटन, दार उघडून काढायचं, एअर मारायचा, पुढचं लावायचं. ऑपरेटर म्हणून आयटीआय झालेला एक पोरगा आलेला, 20 वर्षांचा, चांगला पोरगा, अण्णा म्हणायचा मला. एक दिवस मशीनचा आवाज बदलला. कसा ते लिहून दाखवता येत नाही, रोज ऐकणाऱ्याला कळतं बघ, चर्रऽ असा थोडा ओरडतो टूल. मी म्हटलं, अरे इन्सर्ट, टूलचं कापायचं टोक, गेलाय, थांबव. त्यानं थांबवून बघितलं तर खरंच कोपरा उडालेला. अजून दहा पीस रिजेक्ट झाले असते. सुपरवायझर आला, बघितलं, आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारून गेला. पोरगा म्हणालाबी, सर यांनी सांगितलं. तर सर म्हणाले, असू दे, आणि मला म्हणाले तू पीस मोजून घे.

आणि दोस्ता, मला मोजता आलं नाही. मायक्रोमीटर, बारीक माप घ्यायचं साधन, हातात, पाच वर्षं कारखान्यात काढलेली, आणि मी नुसता फिरवत उभा. सुपरवायझरचा राग आला नाही तेव्हा. त्यानं काय वाईट केलं, त्याच्या वहीत मी हेल्परच होतो. माझ्या कानाला काय कळतंय ते कुठल्या कार्डावर लिहिलेलं नाही, आणि ठेकेदार बदलला की कानबी झिरोपासनं.

त्या पोरानंच चहाच्या टायमाला शिकवलं. थिंबलवर, म्हणजे मायक्रोमीटरच्या फिरणाऱ्या नळीवर, 50 रेघा, एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणून एक रेघ म्हणजे 0.01. दहा मिनिटांचं काम, बघ. पाच वर्षांत कुणी दहा मिनिटं दिली नाहीत, आणि मीबी मागितली नाहीत हे पण खरं.

2024 ला सरकारी आयटीआयला फॉर्म भरला, मशिनिस्ट, दोन वर्षांचा ट्रेड. एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, मार्क चालतात, पीयूसीचं कुणी विचारत नाही. वयाचीबी वरची अट नाही. फी म्हणशील तर आपल्या चार-पाच दिवसांच्या हजेरीएवढी. खरी फी म्हणजे पगार बंद होतो ती. घरी आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, लग्नाचं मग कसं.

पैशाचं कसं करालोय तेबी सांगतो, तुझा पुढचा प्रश्न तोच असणार. काम सोडून दोन महिने झाल्यावर पीएफ काढला. एका खात्याचे 41 हजार आले. दुसरं खातं अडकलंय, कारण आधारवर आपलं आडनाव कन्नड पद्धतीच्या स्पेलिंगनं हाय आणि शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं, आणि ठेकेदारानं तिसरंच काहीतरी घातलेलं. तिसऱ्या ठेकेदारानं आठ महिने पगारातून कापलं आणि भरलंच नाही, हे मला पासबुक बघितल्यावर कळलं. तू आज उमंग या सरकारी अॅपवर तुझं पीएफ बघ. उद्या नको, आज. रविवारी मी मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातो, 600 मिळतात आणि जेवण. आठवड्यात काम धरता येत नाही, 80 टक्के हजेरी लागत्या, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत.

भाषेची मला लई भीती होती, आपलं सगळं मराठी मीडियम. पण सर कन्नडमध्ये सुरू करतात, मधेच हिंदी, आमच्याकडं बघून मराठी, आणि वस्तूंची नावं सगळी इंग्लिशच. व्हर्नियर हे मापायचं साधन, त्याला कन्नडमध्येबी व्हर्नियरच म्हणतात. वर्गातली पोरं मला काका म्हणतात, त्याचं मात्र वाईट वाटतं. सीएनसीचे प्रोग्रॅम लिहायला लागलो आता. जी झिरो झिरो म्हणजे टूल सुसाट पळणार, जी झिरो वन म्हणजे कापत कापत सरळ जाणार, एम थर्टी म्हणजे संपलं. हिरवं बटन दाबत होतो तेव्हा आत हे चाललेलं असायचं, आणि मी बाहेर कास्टिंग धरून उभा.

लगेच पर्मनंट होणार असं मी म्हणत नाही हं. आयटीआय झालेली पोरंबी ठेक्यावर हायत, तुझ्याच कंपनीत असतील. पण दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला बसता येतं, आणि ते माझ्या डोक्यात हाय. मच्छेला पाच महिने रोज व्हीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या, गेटसमोरनं कंपनीच्या टेम्पोत मागं बसून गेलो, एकदाबी तिकडं मान वळवून बघितलं नव्हतं. आता बघतो. आत जाईन का नाही काय की.

तुला ये म्हणत नाही मी. तुझ्यावर घराचं कर्ज हाय, माझ्यावर नाही, हा फरक मला कळतो. पण गेल्या आठवड्यात तुमच्या घरी गेलतो, काकूंना गॅसचं बुकिंग करून द्यायला, तेव्हा ट्रंक उघडायला लावली. तुझं एसएसएलसीचं मार्क्स कार्ड सापडलं. एक कोपरा वाळवीनं खाल्लाय पण नंबर आणि टोटल दिसतंय, 61 टक्के, माझ्यापेक्षा चार जास्त. प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून माझ्याजवळ ठेवलंय. काकूंनी विचारलं कशाला पाहिजे, मी म्हटलं झेरॉक्सला.

गणपतीला येशील तेव्हा देतो. येताना एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर बघ तिकडं स्वस्तात मिळाला तर, इथं सांगतात ती किंमत ऐकून मी दुकानातनं परत आलोय.

तुझाच,
काका