कामाच्या कुत्र्यांची शेपटी छाटायला सूट नको : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री

विषय : शेपटी छाटण्यावरील बंदीतून कामाच्या कुत्र्यांना न वगळण्याबाबत

महोदय,

नुसत्या दिसण्यासाठी कुत्र्याची शेपटी छाटू नये, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. गाडी अडते ती कामाच्या कुत्र्यांपाशी. काटेरी झुडपांत शिरून सावज उठवणाऱ्या स्पॅनिएलसारख्या कुत्र्यांची शेपटी फाटते, म्हणून ती जन्मतःच छाटलेली बरी, असं सांगून बंदीतून सूट मागितली जाते. मी पशुवैद्य आहे. अशा फाटलेल्या शेपट्यांवर मी उपचार केले आहेत. तरीही ही सूट देऊ नका, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

सूट मागणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून आधी तेच सांगते. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीचा शेंडा एकदा फुटला की लवकर भरून येत नाही. तिथे मांस नसल्यातच जमा, कातडीखाली थेट हाड. पट्टी बांधावी तर मालक दिसताच कुत्रा शेपटी हलवतो, पट्टी निसटते, धरलेली खपली निघते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतभर रक्ताचे शिंतोडे उडतात. काही आठवडे असं चाललं की शेवटी पूर्ण भूल देऊन शेपटी कापावी लागते. स्कॉटलंडमध्ये 2010-11 च्या शिकारीच्या हंगामाबद्दल कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली गेली. शेपटी न छाटलेल्या स्पॅनिएलपैकी 56.6 टक्के कुत्र्यांना त्या हंगामात एकदा तरी शेपटीला इजा झाली होती. 2007 पासून सरसकट बंदी असलेल्या स्कॉटलंडने 2017 मध्ये स्पॅनिएल आणि शिकारीच्या आणखी काही जातींना टोकाकडची एक तृतीयांश शेपटी छाटण्याची सूट दिली, ती अशाच आकड्यांच्या आधारे.

पण इजा म्हणजे शेपटी गमावणं नव्हे. ओरखडाही इजेतच मोजला जातो. स्कॉटलंडमधल्याच दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की एका स्पॅनिएलची शेपटी पुढे कापावी लागू नये म्हणून सुमारे 320 पिल्लांच्या शेपट्या आधीच छाटाव्या लागतील. ब्रिटनभरच्या सगळ्या जातींच्या कुत्र्यांचा 2010 सालचा अभ्यास सांगतो की शेपटीची एक इजा टाळायला सुमारे 500 कुत्र्यांची शेपटी छाटावी लागेल. त्या अभ्यासातल्या कितीतरी जखमा तर रानात झालेल्याच नव्हत्या. शेपटी घरातल्या भिंतीवर आपटलेली होती, दारात सापडलेली होती.

माझा खरा आक्षेप मात्र याहून मूळचा आहे. इंग्लंडच्या कायद्यात कामाच्या कुत्र्याची शेपटी पिल्लू पाच दिवसांचं होईपर्यंतच छाटता येते. त्या वयात पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कानही उघडलेले नसतात. आईच्या आचळापर्यंत ते वासावर आणि उबेवर सरपटत जातं. हे पिल्लू उद्या रानात धावेल की कुणाच्या सोफ्यावर झोपेल, हे त्या दिवशी कोण सांगणार? ब्रीडर सांगेल ते. वेतातल्या सात-आठ पिल्लांपैकी कामाला लागतात मोजकीच, बाकीची घरोघरी जातात. पशुवैद्याने सही करायची ती मात्र प्रत्येकाच्या भविष्यावर. कागदावर सूट कामाच्या कुत्र्यांना असते, प्रत्यक्षात अख्खं वेत तिच्यातून पार होतं. कितीही कडक नियम करा, पहिल्या पाच दिवसांत हे कुणालाच तपासता येणार नाही.

इतक्या लहान वयात दुखत नाही, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. ऑस्ट्रेलियात 50 पिल्लांचं शेपटी छाटताना निरीक्षण केलं गेलं, तेव्हा सगळीच्या सगळी किंचाळली आणि धडपडली. थोड्या वेळाने ती शांत झाली हेही खरं, पण शांत होणं म्हणजे न दुखणं नव्हे. बहुतेक वेळा भूल दिली जात नाही. कात्रीने मणक्यांमध्ये छेद घेतात, नाहीतर रबरी कडं घट्ट चढवून पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडतात आणि तो वाळून गळून पडेपर्यंत थांबतात. छाटल्या जागी नसांची गाठ होऊन पुढे तीच दुखत राहिल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत.

शिवाय शेपटी हे कुत्र्याचं बोलणं आहे. कॅनडातल्या संशोधकांनी यांत्रिक कुत्रा समोर ठेवून पाहिला. लांब शेपटी हलत असली तर आकाराने मोठी कुत्री बेधडक जवळ यायची, ताठ उभी असली तर बिचकायची. आखूड शेपटी हलतेय की नाही, याने त्यांना काहीच फरक पडला नाही.

आणि काम हेच कारण असेल, तर इंग्लिश पॉइंटर, सेटर, लॅब्राडोर यांची शेपटी कुणी का छाटत नाही? तीही शिकारीचीच कुत्री आहेत. उलट पहाऱ्यावर बसणाऱ्या डोबरमनला कुठल्या काट्यांत शिरायचं असतं? स्कॉटलंडच्या त्याच पाहणीत दिसलं की एक तृतीयांशाहून जास्त शेपटी छाटण्याचा काहीच जादा फायदा नाही, तरी पिढ्यानपिढ्या कितीतरी जातींचं नुसतं खुंट ठेवलं गेलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला पिल्लाच्या शेपटीचा शेंडा दातांनी तोडायला सांगतो. शेपटी बेढब वाढू नये हे एक कारण, आणि मेंढपाळांच्या मते त्याने कुत्रा पिसाळत नाही हे दुसरं. पिसाळण्याचं कारण खोटं ठरलं, तरी छाटणं थांबलं नाही.

म्हणून विनंती अशी, की जखम किंवा आजार असेल तरच आणि भूल देऊनच शेपटी कापता यावी, कामाच्या नावावर नाही. छाटलेल्या शेपटीच्या कुत्र्यांना प्रदर्शनांत उतरवायला बंदी करावी. इंग्लंडने 6 एप्रिल 2007 नंतर शेपटी छाटलेल्या कुत्र्यांना तिकीट लावून भरवलेल्या प्रदर्शनांची दारं बंद केली, ती कामाच्या कुत्र्यांनाही जवळजवळ सरसकट. बक्षीसच मिळणार नसेल तर छाटण्याचा मोह आपोआप कमी होतो. पोलीस, लष्कर आणि शोधपथकांच्या कुत्र्यांच्या शेपटीच्या जखमांची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करावी. त्यांचे पिंजरे इतके रुंद असावेत की शेपटी दोन्ही बाजूंना न आपटता हलावी, एवढी तरतूद याच नियमांत करून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक पशुवैद्य