पदार्पण नेमके कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ऑस्ट्रेलियन अभिनेत्री जॅकी वीव्हर यांच्यावरील लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा ‘वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दिमाखदार पदार्पण’ या शब्दांवर अडखळत. लेखाचा सूर कौतुकाचा आहे, याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्या बाईंचे आत्मचरित्र २००५ मध्येच छापून आले, त्यांचे पदार्पण २०१० मध्ये व्हावे, हा चमत्कार आपल्या पुरवणीतच घडू जाणे.

ज्याला लेखाने पदार्पण म्हटले, त्या ‘अ‍ॅनिमल किंग्डम’ (२०१०) चित्रपटामध्ये मुलांवर माया पाखडता पाखडता थंड डोक्याने नातवाच्या जिवावर उठणारी मेलबर्नची ती आजी पाहिलेला माणूस तिला विसरणे कठीण, आणि त्या भूमिकेला मिळालेले ऑस्कर नामांकनही रास्तच होते. पण त्या चित्रपटात पदार्पण कोणाचे असेलच, तर ते दिग्दर्शक डेव्हिड मिशॉड यांचे, कारण पूर्ण लांबीचा तो त्यांचा पहिलाच चित्रपट. वीव्हर यांनी सिडनीच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले ते १९६० च्या दशकात, शाळकरी वयात. ‘स्टॉर्क’ (१९७१) या चित्रपटासाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनय-पुरस्कार मिळाला आणि ‘कॅडी’साठी (१९७६) पुन्हा मिळाला. दिग्दर्शक पीटर वीअर यांच्या ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’ या चित्रपटातली मिनी ही मोलकरीण त्यांचीच. पुढे चित्रपटांतली कामे आटली तेव्हाही नाटक चालूच होते, आणि आपल्या लेखकाने नेमकी हीच वर्षे शून्यात जमा केली आहेत.

डिसेंबर २०१० मध्ये मी मुलीकडे सिडनीला होते. तिने रशियन नाटककार चेखव्हच्या ‘अंकल वान्या’ची तिकिटे काढली ती अर्थातच हॉलिवूड गाजवणाऱ्या केट ब्लँचेट यांच्यासाठी. त्यात म्हाताऱ्या दाईच्या, मरीनाच्या भूमिकेत वीव्हर होत्या. चेखव्हने या दाईला दिलेले काम ते किती? सामोवारपाशी, म्हणजे चहाच्या रशियन बंबापाशी, बसायचे, मोजा विणायचा, रुसलेल्यांना चहा विचारायचा. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईंनी माझ्या हातातली पुस्तिका उघडून ब्लँचेट यांच्या नावावर नव्हे, तर वीव्हर यांच्या नावावर बोट ठेवले आणि ‘ही आमची’ एवढेच म्हणाल्या. हॉलिवूडला ज्या वर्षी बाईंचा शोध लागला, त्या वर्षी बाई सिडनीत हे काम करत होत्या. पुढे त्याच नाटकाबरोबर त्या वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कलाही गेल्या.

मला हे एवढे का झोंबावे, तेही सांगते. मी एकोणीस वर्षे राज्य नाट्य स्पर्धेत कामे केली. दोन रौप्यपदके घरात आहेत. सहा वर्षांपूर्वी एका मालिकेत आत्याबाईंचे दोन प्रसंग केले, त्यातल्या एकात मी पाठमोरी होते. त्यावर गावातल्या एका मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला आणि स्मृतिचिन्हावर ‘अभिनय क्षेत्रातील पदार्पणाबद्दल’ असे कोरून घेतले. सत्काराचे भाषण करणारे गृहस्थ पूर्वी आमच्याच नाटकात प्रकाशयोजना सांभाळत असत. ते स्मृतिचिन्ह मी पदकांशेजारीच ठेवले आहे, येणारे-जाणारे वाचतात आणि अभिनंदनही करतात. वीव्हर बाईंना निदान मराठी वाचता येत नाही, हे आपल्या पुरवणीचे भाग्य.

त्याच लेखात त्यांचे आडनाव मथळ्यात ‘वेवर’, मजकुरात ‘वीवर’ आणि छायाचित्राखाली ‘व्हीव्हर’ असे आहे. यांपैकी एक कोणतेतरी ठरवावे. शिवाय ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’मुळे त्यांना ऑस्करचे दुसरे नामांकन मिळाले, ही गोष्ट तीनशे शब्दांत मावली नाही, पण त्यातले त्यांचे सहकलाकार रॉबर्ट डी निरो यांचे छायाचित्र मात्र चार स्तंभ रुंद मावले.

नाटकाच्या वर्षांना आपल्याकडे हिशेबात जागा नसावी, असा संशय येण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या दोन महिन्यांपासून नाट्यप्रयोगांच्या जाहिराती कोचिंग क्लासच्या जाहिरातींखाली आणि इतक्या बारीक टायपात येतात की भिंग घेऊनही नाट्यगृह कळते, वेळ कळत नाही. मागच्या शनिवारी मी साडेचारच्या प्रयोगाला साडेपाचला पोहोचले. दुसरा अंक बरा होता.

दुरुस्ती छापणार असाल, तर कृपया या पत्रातील वर्षे कापू नयेत; माझ्या मागच्या पत्रातील कापली होती.

आपली,
एक वाचक, सांगली