तिसऱ्या मजल्यावरच्या मुलास

तुझं नाव घालायचं नाही असं तू जिन्यातच बजावलंस, म्हणून घालत नाही. चाळीत ज्याला कळायचं त्याला कळेलच. तू माझं कॉम्प्युटरचं मशीन दुरुस्त केल्याला पंधरा दिवस झाले, तरी ते चालू केलं की आधी तुझी आठवण येते. तोंडावर बोलायला गेलो की तू ‘काका, सोडा हो’ म्हणून पळतोस. म्हणून हे लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. निवृत्त झाल्यापासून मी गिरगावातल्या एका वाचनालयाचे जुने दिवाळी अंक स्कॅन करतो. अक्षरं ओळखणारा प्रोग्राम त्यांचा मजकूर करतो आणि मी चष्मा लावून त्याच्या चुका काढतो. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती जोडाक्षरं बरी ओळखते म्हणून आणली, तर एकच ओळ: ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’. बस्स. ग्लिबसी म्हणजे माझ्या मशीनवरच्या लिनक्समधले जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्या आधाराने चालतात ती सामायिक फाइल, म्हणजे लायब्ररी, हे मला नंतर कळलं.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने मशीनला हातसुद्धा लावला नाही. ‘भंगार झालंय, नवीन घ्या,’ म्हणाला आणि ते सांगण्याचे तीनशे रुपये घेतले. मग आमचे पुण्याचे जावईबापू. मोठ्या कंपनीत आहेत, त्यामुळे मी गप्प बसलो. त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी लिनक्समधली ग्लिबसीची नवी फाइल आणून जुन्या फाइलच्या जागी जोडली. पुढच्या क्षणाला फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा चालेना. बंद करून चालू केलं तर काळा पडदा. ‘रात्री फोनवर बघू’ म्हणून त्यांनी पाच दहाची डेक्कन क्वीन गाठली. ती रात्र अजून यायची आहे.

तू आलास तो नाइट शिफ्ट करून, डोळे लाल. मला वाटलं आता जावयांचा उद्धार होणार. चाळीत नळ दुरुस्त करायला येणारासुद्धा आधी ‘हे कोणी केलं?’ विचारून कपाळाला हात लावतो. तू पेनड्राइव्हवरून मशीन उठवलंस, दोन मिनिटं पाहिलंस आणि म्हणालास, ‘त्यांनी जुनी फाइल पुसली नाही, शेजारीच ठेवलीय. बरं केलं त्यांनी.’ मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण आठवडाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत होतो!

मग समजावलंस. माझं लिनक्स म्हणजे उबुंटू १८.०४, एप्रिल २०१८ चं, त्यातली ग्लिबसी २.२७. नवा प्रोग्राम बांधलेला, म्हणजे मूळ कोडवरून चालण्याजोगा तयार केलेला, उबुंटू २२.०४ वर, तिथली २.३५. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ पासून प्रोग्राम सुरू होण्याची पहिली पायरीच बदलली, त्यामुळे २.३४ वर किंवा तिच्याहून नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम उंबऱ्यावरच २.३४ मागतो. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो, उलटं होत नाही. ‘कळलं का, काका?’ विचारलंस.

कळलं, आणि चांगलंच कळलं. माझे वडील इथल्याच एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणाच्या, घरात जो खिळा नाही तो हस्तलिखितात आला की काम अडायचं. शेजारच्या छापखान्यातून खिळे आणून भागत नसे, कारण खिळ्याची जाडी किंचित वेगळी असली तरी फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, आवळला जात नाही आणि अख्खं पान निसटतं. जावयांनी नेमकं तेच केलं होतं. यादी दाखवण्यापासून मशीन जागं करण्यापर्यंत सगळं त्या एका केसमधून खिळे उचलतं. तू जुनी केस जागेवर ठेवलीस आणि प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून तो माझ्याच मशीनवर बांधलास. इथे बांधला की तो इथल्याच घरातले खिळे मागतो. अख्खं उबुंटू बदलायचं नव्हतं, माझा म्हातारा स्कॅनर या जुन्या उबुंटूशिवाय चालत नाही. ते तू न सांगता ओळखलंस, तारांकडे बघून.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. मशीन प्रोग्राम बांधत होतं, चहा झाला होता, तू खुर्चीतच पेंगत होतास. एकदम उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान मागितलंस आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला लागलास. मला वाटलं, हिशेब. होत्या चार ओळी. काय बदललं. कुठे ठेवलं. आणि खाली: ‘मी केलेलं सगळं काढून टाकायचं झालं तर हा एक फोल्डर पुसा. मशीन होतं तसं होईल. मला विचारायची गरज नाही.’

चाळीस वर्षं नोकरी केली मी. आपण केलेलं काम उलटं कसं फिरवायचं हे लिहून देणारा माणूस मला भेटलेला नाही. उलट, आपल्यावाचून अडलं पाहिजे अशी गाठ मारून जाणारेच जास्त. साहेब होते तसे, हाताखालचे होते, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन गाठी मीही मारल्या असतील. तू अक्षर मोठं काढलंस कारण माझा चष्मा तुला दिसला. ‘फोल्डर’मधला ‘ल्ड’ नीट वळत नव्हता तर खोडून पुन्हा लिहिलास. आईने केलेल्या चिवड्याचा डबा तेवढा घेतलास, तोही धुऊन परत केलास.

पान मी टेबलाच्या खणाला आतून चिकटवलंय. काल जावईबापूंचा फोन होता. गणपतीला येताहेत, ‘सिस्टिम एकदा अपग्रेडच करून टाकू’ म्हणत होते. मोदकांना या म्हटलं. मशीनवर त्या दिवशी पंचा टाकून वर समई ठेवणार आहे.