कर्ज ‘माफ’ की ‘राइट-ऑफ’?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगणारं छोटं सदर येतं. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ अशा जोड्या असतात. सदर चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पहिल्या पानाची आहे. मागच्या महिन्यात तिथे मोठा मथळा होता, बँकांनी बड्या थकबाकीदारांची कर्जं ‘माफ’ केल्याचा. आत बातमी वाचली, तर सगळे आकडे राइट-ऑफचे.

मी अमळनेर तालुक्यात विकासोचा, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचा, गटसचिव होतो. थकबाकीच्या याद्या, कलम १०१ चे वसुली दाखले, मार्चअखेरची नवी-जुनी (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं), यातच नोकरी गेली. म्हणून हा मथळा जरा जास्तच टोचला.

माफीला इंग्रजीत ‘वेव्हर’ म्हणतात. ‘वेव्हर’ म्हणजे येणं घेण्याचा हक्क सोडून देणं. कर्जदार मोकळा होतो, त्याला बेबाकी दाखला मिळतो, सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीत ती रक्कम सरकार बँकेला भरून देतं. ‘राइट-ऑफ’मध्ये यातलं काहीच होत नाही. कर्ज थकलं, त्यासाठी बँकेने आपल्या नफ्यातून तरतूद केली आणि ते खातं ताळेबंदातून बाजूला काढलं, एवढंच. गावातला दुकानदार जुनी उधारी रोजच्या वहीतून काढून लाल वहीत टाकतो, तसं. बाजारात भेटलात की पैसे मागणारच. दावा चालू राहतो, जप्ती होते, लिलाव होतो, जामीनदारही सुटत नाही. सहकारात याला आम्ही ‘निर्लेखन’ म्हणतो. शब्द रुक्ष आहे खरा, पण चुकीचा नाही. निर्लेखित खात्यांतून प्रत्यक्ष वसुली किती कमी होते, यावर अग्रलेख लिहा, जरूर लिहा, मी पहिला वाचीन. पण त्याला माफी म्हणू नका. तुमचा मथळा वाचून पाराच्या ओट्यावर बसलेला माणूस विचारतो, की त्यांचं माफ झालं तर आपण का भरायचं? आणि तो खरोखर भरायचं थांबतो. मग त्याचं शून्य टक्क्याचं पीककर्ज हातचं जातं.

हा घोळ नवा नाही. २००८ मध्ये केंद्राने जी योजना आणली, तिच्या इंग्रजी नावातच दोन वेगळे शब्द होते, ‘डेट वेव्हर’ आणि ‘डेट रिलीफ’. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत, जमीन असलेल्या अल्प आणि अत्यल्प भूधारकांना वेव्हर, म्हणजे पात्र थकबाकी पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना रिलीफ, म्हणजे ७५ टक्के भरा, मग २५ टक्के सोडू. काही अवर्षणप्रवण जिल्ह्यांपुरता सवलतीचा नियम थोडा सैल होता. मराठी पेपरांनी दोन्हींना सरसकट कर्जमाफी म्हटलं. याद्या सोसायटीच्या भिंतीवर लागल्या त्या दिवशी सात एकर बरड, तीही कोरडवाहू, असलेला एक सभासद कात्रण घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “तात्या, पेपरमा तं माफ व्हयनं असं छापेल शे, मंग माले पैसा भराले काबर सांगतस?” शेजारी साडेचार एकर बागायत, विहीर, मोटार असलेल्याचं सगळं माफ झालेलं. हद्द एकरांवर ठरवली, पाण्यावर नाही, हा दोष योजनेचा होता आणि तो मोठा होता. पण त्या माणसाला तो दोष दिसलाच नाही. त्याला वाटलं, गटसचिवाने पैसे खाल्ले. दोन शब्दांचा एक शब्द केला की सरकारकडे जायचा राग सोसायटीच्या टेबलावर येतो. राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफी योजनेतही दीड लाखावरच्या थकबाकीदाराला वरची रक्कम आधी भरायची होती. पुन्हा तीच कात्रणं, तीच भांडणं.

करोनाच्या वर्षी ‘मोरॅटोरियम’ आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते लांबवायची मुभा दिली होती. हप्ता थांबला, व्याज थांबलं नव्हतं. ट्रॅक्टरचे हप्ते ‘सहा महिने माफ’ समजून बसलेल्यांना पुढे मुदत वाढलेली दिसली, तेव्हा तोंडचं पाणी पळालं.

आणखी एक त्रिकूट आहे, ‘विटनेस’, ‘गॅरंटर’ आणि ‘को-बॉरोअर’. मराठीत साक्षीदार आणि जामीनदार यांत गल्लत होत नाही, आपल्याकडे अडाणी माणूसही जामीन राहायला कचरतो. पण आता खासगी फायनान्सवाल्यांचे फॉर्म इंग्रजीत असतात आणि पोरं टॅबवर बोटाने सही घेतात. “काही नाही काका, फक्त सही,” असं म्हणतात. साक्षीदाराची सही म्हणजे समोर सही झाली एवढीच खात्री. गॅरंटरची जबाबदारी मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं त्याला सहसा म्हणता येत नाही. को-बॉरोअर तर स्वतःच कर्जदार. घरच्या बाईची सही अनेकदा तिथेच घेतलेली असते, आणि नवरा वारला की तिला हे कळतं. या तीन शब्दांवर पुरवणीतलं नाही, मुख्य अंकातलं अर्धं पान खर्च झालं तरी ते वाया जाणार नाही.

तेव्हा विनंती अशी, की सदर लिहिणाऱ्यांना एकदा जिल्हा बँकेच्या एखाद्या शाखेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा. जोड्या शोधाव्या लागणार नाहीत, काउंटरवरच ऐकू येतील. ‘सबसिडी’ (अनुदान) आणि ‘सबव्हेंशन’ (व्याजातली सवलत) यांवर मी इथे लिहीत नाही, पत्र फार लांबेल. तीन लाखांपर्यंतचं ‘बिनव्याजी’ पीककर्ज मुदतीत फेडलं तरच बिनव्याजी असतं, एवढं तरी त्या मथळ्याखाली एका ओळीत छापत जा.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
ता. अमळनेर, जि. जळगाव