‘यांना कुणी आणलं?’ हे विचारायला शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या इतर धर्मशिक्षकांच्याही कामी येईल, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आमच्या धर्मग्रामात प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हाताशी होतं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणि लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव. समोर बसणारी माणसं मात्र संसार केलेली, चार ठिकाणी ठेचा खाल्लेली. देव किती, संस्कार किती, आज्ञा किती, हे त्यांच्याकडून घोकून घेण्यात अर्थ नव्हता. तुम्ही म्हणालात, “आधी पहिल्या काही शतकांतली माणसं कशी आली ते आपण दोघी वाचू.” मग कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात तुम्ही लॅटिन पानं उघडायचात, तोंडानं मराठी करत जायचात आणि मी वहीत उतरवून घ्यायची. प्रत्येक माणसाची हकिगत संपली की तुम्ही एकच विचारायचात, “याला कुणी आणलं?” म्हणजे श्रद्धेच्या वाटेवर कुणी आणलं.

त्या प्रश्नासाठी हे आभार.

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक मी लहानपणापासून ऐकत आले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला, दिमिष्कच्या वाटेवर शौल प्रकाशानं खाली पडला, हे सगळं पाठ होतं. तुम्ही मला दिमिष्कमधल्या हनन्या या शिष्यापाशी थांबवलंत. शौल, म्हणजे पुढचा पौल, ख्रिस्ताच्या अनुयायांना पकडायला दिमिष्कला निघाला होता, हे हनन्याला पुरतं माहीत होतं. तरी तो ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरच्या त्या घरी गेला, आंधळ्या झालेल्या शत्रूच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिलाच शब्द उच्चारला, “शौल भाऊ”. स्वर्गातून थेट वाणी ऐकलेल्या माणसालाही बाप्तिस्म्यासाठी दुसऱ्या माणसाच्या हाताची गरज लागली. एवढ्या वर्षांत हे कुणी मला असं दाखवलं नव्हतं. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचंही तसंच. भूकंपाच्या त्या रात्री त्यानं आधी पौल आणि सीला यांच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या आणि त्याच घटकेला त्याचा व घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांना त्यानं कोंडलं होतं, त्यांनीच त्याला आणलं.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका ताईंनी लगेच विचारलं, “त्यांना एका रात्रीत मिळाला, मग आम्ही इतके महिने का थांबायचं?” तुमच्यामुळे माझ्याकडे उत्तर होतं. सुरुवातीचे पुष्कळसे लोक यहुद्यांच्या सभास्थानाशी जोडलेले होते, शास्त्र त्यांच्या ओळखीचं होतं. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाच वाचत होता. फिलिप्पानं त्याला अर्थ उलगडून सांगितला आणि वाटेत पाणी दिसताच तो उतरला. पुढे मूर्तिपूजेच्या, आखाड्याच्या, बाजाराच्या जगातून माणसं येऊ लागली, तेव्हा त्यांना वेळ द्यावा लागला. रोमचा धर्मगुरू हिप्पोलितस याच्या नावावर चालत आलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात तीन वर्षं ऐकण्याची मुदत दिली आहे. पण कुणी मनापासून झटत असेल तर काळ मोजू नये, वागणूक पाहावी, असंही लगेच पुढे लिहिलं आहे. दीक्षार्थीला, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला, आणणाऱ्यांनी त्याच्याबद्दल साक्ष द्यायची. त्याचा धंदा काय, हे विचारलं जाई. ग्लॅडिएटर असेल किंवा वेश्यागृह चालवत असेल, तर ते सोडल्याशिवाय प्रवेश नव्हता. मुलांना शिकवणाऱ्यानं शक्यतो ते काम सोडावं, कारण शाळेत देवतांच्या कथा शिकवाव्या लागत; पण दुसरी कला येत नसेल तर चालू द्यावं, अशी सवलत आहे. पोटापाण्याची ही जाण मला फार भावली. आणि बाप्तिस्म्याच्या तोंडावर चौकशी कशाची, तर यानं विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का. वर्गात हे वाचल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

संत जस्टिनची हकिगत तुम्ही दोनदा वाचून दाखवलीत. शोमरोनातल्या नेआपोलिसचा हा तरुण एकामागून एक तत्त्वज्ञ गाठत होता. स्टोइकाकडे देवाविषयी काही मिळालं नाही. दुसऱ्यानं फीचा विषय काढला. पायथागोरसपंथी म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. प्लेटोच्या विचारात तो रमला. पुढे समुद्राजवळ एकांतात फिरताना त्याला एक म्हातारा भेटला, त्यानं त्याच्याशी वाद घातला, संदेष्ट्यांची नावं घेतली आणि निघून गेला. जस्टिनला तो पुन्हा कधी दिसला नाही. त्याच क्षणी आपल्या आत्म्यात आग पेटली, असं जस्टिन लिहितो. 165 च्या सुमारास रोममध्ये त्यानं या विश्वासापायी प्राण दिले. त्याचं नाव चर्चच्या कॅलेंडरमध्ये आहे, म्हाताऱ्याचं कुणालाच माहीत नाही. त्या वेळी मला आपले ना. वा. टिळक आठवले. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं म्हटलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. त्या प्रवाशाचं नाव मात्र फारसं कुणाच्या ओठी नाही.

पण सिस्टर, सगळ्यात खोल गेलं ते विश्वासापायी प्राण दिलेल्या पर्पेतुआचं लिखाण. 203 सालचं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. बाविशीची, चांगल्या घरची, अंगावर पिणारं मूल असलेली बाई, आणि तिनं स्वतःच्या शब्दांत लिहिलेली तुरुंगातली टिपणं! तिला पकडलं तेव्हा तिचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. वडील विनवण्या करत होते. तिनं समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारलं, याला भांड्याखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? मग मी जी आहे त्याहून दुसरं मला कसं म्हणवेल? थोड्याच दिवसांत पहाऱ्यातच तिचा बाप्तिस्मा झाला. त्या पाण्यातून देहाच्या सहनशक्तीखेरीज काही मागू नकोस, असं आत्म्यानं सुचवल्याचं ती लिहिते. पुढे अंधारकोठडी, गर्दी, उकाडा आणि बाळाची काळजी. तेर्तियस आणि पोम्पोनियस या दोन उपधर्मगुरूंनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, म्हणून कैद्यांना काही तास बऱ्या जागी बसता आलं आणि तिला भुकेनं मलूल झालेल्या बाळाला पाजता आलं. नंतर बाळ तिच्याजवळच राहिलं, तेव्हा तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला.

इथेही तुम्ही विचारलंत, “हिला कुणी आणलं?” उत्तर होतं सातुरस. तिला आणि तिच्या सोबत्यांना त्यानंच शिकवलं, घडवलं. धरपकड झाली तेव्हा तो तिथे नव्हता. नंतर तो आपणहून हजर झाला, कारण ही माणसं त्याची होती. पर्पेतुआला दृष्टान्त झाला त्यात शस्त्रं लावलेली एक अरुंद शिडी आहे, पायथ्याशी अजगर आहे. आधी सातुरस चढतो, वरून वळून म्हणतो, मी तुझी वाट पाहतोय, पण तो अजगर चावणार नाही याची काळजी घे. हे वाचताना तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि मला म्हणालात, “धर्मशिक्षकानं आधी चढायचं असतं, गं.” त्या वाक्याचं ओझं आणि बळ दोन्ही मी वर्गाच्या दारातून आत नेते.

यात्रेकरू एजेरियाची ओळखही तुमच्याचमुळे झाली. चौथ्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या पश्चिमेकडून यरुशलेमला गेलेली ही बाई आपल्या घरच्या भगिनींना तिथलं सगळं लिहून कळवते. उपवासकाळाच्या आरंभी दीक्षार्थींची नावं नोंदली जात. बिशप एकेकाच्या शेजाऱ्यांना विचारत, हा नीट वागतो का, आईवडिलांना मान देतो का, दारुडा किंवा खोटारडा तर नाही ना? दोष निघाला तर त्या माणसानं आधी स्वतःला सुधारून यायचं. ज्याच्याबद्दल सांगणारं ओळखीचं कुणी नाही अशा परक्याला तिथे बाप्तिस्मा सहज मिळत नसे. त्यानंतर रोज सकाळी तीन तास धर्मशिक्षण असे. शेजाऱ्याची साक्ष बिशपच्या दरबारी चालते, हे ऐकून आमच्या वर्गातले एक काका म्हणाले, “मग आधी शेजाऱ्याशी बांधावरून चाललेलं भांडण मिटवायला हवं.” आणि त्यांनी ते मिटवलं. हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 मध्ये, रोमनं प्रौढांसाठी ही टप्प्याटप्प्यानं जाणारी दीक्षा पुन्हा चालू केली, हे मला नुसतं वर्ष म्हणून माहीत होतं. बाप्तिस्म्यासाठी दीक्षार्थींची निवड जाहीर करण्याच्या विधीत धर्ममाता-धर्मपित्यांना साक्ष विचारली जाते, ती आता मला रीत म्हणून वाटत नाही. तिथे एजेरियानं पाहिलेले शेजारी उभे असतात.

संत ऑगस्टीनबद्दल थोडंच लिहिते. त्याच्यामागे त्याच्या आईची, मोनिका माउलीची, आसवं आहेत, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. सिम्प्लिसियानसचं नाव मात्र तुमच्याकडूनच कळलं. या वृद्ध धर्मगुरूनं ऑगस्टीनला उपदेश न करता व्हिक्टोरिनसची गोष्ट सांगितली. रोममध्ये ज्याचा पुतळा उभारला होता असा हा पंडित खासगीत सांगायचा, मी ख्रिस्तीच आहे. सिम्प्लिसियानस म्हणायचा, चर्चमध्ये दिसशील तेव्हा मानीन. तो हसून म्हणायचा, भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का? आणि एक दिवस तोच म्हणाला, चल, चर्चला जाऊ. विश्वासाची कबुली एकांतात देण्याची मुभा असूनही त्यानं ती सगळ्यांसमोर दिली आणि लोकांत त्याच्या नावाची आनंदानं कुजबुज झाली. 387 च्या ईस्टरच्या रात्री ऑगस्टीन, त्याचा मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियस यांना मिलानमध्ये संत अंब्रोज यांनी बाप्तिस्मा दिला. त्या अष्टकोनी कुंडाचे अवशेष आजही तिथल्या कॅथेड्रलखाली आहेत.

आता माझ्या वहीत प्रत्येक दीक्षार्थीच्या नावाशेजारी त्याला आणणाऱ्याचं नाव असतं. कुणाची सासू आहे, कुणाची आजारपणातली नर्स, कुणाचा कारखान्यातला सोबती. पहिल्या दिवशी मी दीक्षार्थींना त्या माणसाबद्दल बोलायला सांगते. श्रद्धेबद्दल अडखळणारी माणसं त्या माणसाबद्दल भरभरून बोलतात आणि तिथून वर्ग सुरू होतो.

एक विनंती आहे. संत अंब्रोज संस्कारांचा अर्थ बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात समजावून सांगत. आधी सांगणं म्हणजे गुपित फोडणं, असं ते म्हणत. मिलानमध्ये नव्यांचे पाय धुण्याची रीत होती आणि रोममध्ये ती नसली तरी त्यांनी ती सोडली नाही. यंदा ईस्टरच्या आठवड्यात आमच्या नव्या मंडळींना हे तुम्ही शिकवावं. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत. माझा मुलगा रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला येईल. तुमच्या गुडघ्यांसाठी पाठीची खुर्ची ठेवते आणि बिनसाखरेचा चहा मी घरून आणीन.

तुमची ऋणी,
एक धर्मशिक्षिका