रस्सा कोण करणार?

मेलबर्न, २१ डिसेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं आपण तिघंही "बरंय ना?", "बरंय" एवढंच बोललो. आईने नवीन पडदे दाखवले, बाबांनी दूधवाल्याचं सांगितलं, आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. फोनवर मला तुमच्याशी खरं बोलता येत नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. आजचीच तारीख धरून लिहायचं मनात होतं, कारण या देशात २१ डिसेंबरला माणसांना एका पत्राची आठवण येते. ते पत्र म्हणजे एक गाणं आहे. त्याच्याबद्दल तुम्हाला कधीचं सांगायचं होतं.

मी इथे आले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. भाजीपाल्याच्या घाऊक गोदामात हिशेब बघायची नोकरी नुकतीच लागली होती. चहाच्या खोलीत रेडिओ चालू होता. फोर्कलिफ्ट चालवणारा एक धिप्पाड माणूस कपात चमचा फिरवत उभा होता. गाणं सुरू झालं आणि त्याचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत तो कपात बघत राहिला, मग न पिताच चहा ओतला, कप विसळला आणि बाहेर गेला. मी शेजारच्या बाईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "आज एकवीस तारीख ना." एवढंच.

घरी येऊन मी ते गाणं शोधलं. 'हाऊ टू मेक ग्रेव्ही', पॉल केली या इथल्या गायकाचं, १९९६ सालचं. ज्यो नावाचा माणूस तुरुंगातून डॅनला, आपल्या भावाला, पत्र लिहितोय. तारीख २१ डिसेंबर. नाताळ चार दिवसांवर आलाय. इथला नाताळ भर उन्हाळ्यात येतो, तेव्हा ज्यो आधी हवेचं लिहितो, की म्हणे यंदा पारा शंभरावर जाणार (जुन्या फॅरनहाइट मापातला शंभर). मग कोण कोण येणार ते. भाऊ क्वीन्सलंडहून गाडीने येतायत, स्टेला विमानाने येतेय. आणि मग एकदम विचारतो, या वेळी ग्रेव्ही कोण करणार?

ग्रेव्ही म्हणजे आपल्या रश्श्याच्याच नात्यातली. भाजलेल्या मांसाची जी चरबी आणि रस भांड्यात उतरतो, त्यात पीठ घालून हलवत हलवत दाट करतात आणि वरून वाढतात. ज्यो भावाला कृती सांगतो: पीठ, मीठ, थोडी रेड वाइन, आणि टोमॅटो सॉस विसरू नको, त्यानेच गोडसर आंबट चव येते. ही कृती खरी आहे. केलीला ती त्याच्या पहिल्या सासऱ्यांनी शिकवली होती.

बाबा, आपल्याकडे जत्रेला मटण शिजायचं तेव्हा चुलीपाशी तुम्ही असायचात. आई मसाला वाटून द्यायची, पण पातेल्यात डाव घालायचा मान तुमचा. तुम्ही तळहातावर रश्श्याचा थेंब घेऊन चाखायचात आणि कुणाकडे न बघता म्हणायचात, "मीठ." तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी जत्रेला तुम्ही पलंगावर होतात. सगळे आले होते, आणि दुपारपर्यंत प्रत्येक जण एकदा तरी विचारून गेला, आज रस्सा कोण करणार? ते गाणं ऐकताना मला तोच आवाज आला.

ज्योने काय गुन्हा केला ते गाण्यात कुठेच नाही. वागणूक चांगली ठेवली तर जुलैपर्यंत सुटेन, एवढंच कळतं. मुलांचे पापे घे म्हणतो. रॉजरची, जो घरात कुणाला फारसा आवडत नसावा, त्याचीसुद्धा मला आठवण येईल म्हणतो. मग त्याचं मन घसरतं. आपली बायको रीटा नाचताना डॅनच्या फार जवळ तर नसेल, हे भूत डोक्यात शिरतं, तो ते लिहून बसतो, आणि लगेच आवरतो. मी चुकलो, मला विसरू नका, माझी जागा राखून ठेवा, हे सगळं त्याला सांगायचंय. आणि सांगताना तो पिठा-मिठाकडे परत येतो. गाण्याला ध्रुवपद नाही. पत्राला कुठे ध्रुवपद असतं?

केलीचा जन्म १९५५ सालचा, अ‍ॅडलेडचा. मोठ्या घरातलं सहावं अपत्य. आई दवाखान्यात पोचायच्या आधीच टॅक्सीत जन्मला म्हणतात. पन्नासेक वर्षं तो गातोय. आवाज काही गोड म्हणता येणार नाही, जरा नाकातला, बोलल्यासारखा. मला त्याच्या गाण्यातल्या गोष्टी जवळच्या वाटतात. १९८७ चं 'टू हर डोअर' घ्या. कमी वयात लग्न, हातात पैसा नाही, नवऱ्याचं काम जातं, दारू जवळ येते, बायको मुलांना घेऊन निघून जाते. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहतो, मग तिला पत्र लिहितो, आणि ती त्याला येण्याचं भाडं पाठवते. आपल्याकडची बाई असती तरी तिने नेमकं तेच केलं असतं, मनात राग असतानाही बसचे पैसे पाठवले असते. तो बसने येतो, टॅक्सीत बसतो, अंग थरथरतंय, मुलांना आपण ओळखू का ठाऊक नाही. टॅक्सी तिच्या दाराशी जाते आणि गाणं तिथेच थांबतं. दार उघडलं का, ते तो सांगत नाही. मी कामावर जाताना ट्राममध्ये कितीदा तरी ते दार मनातल्या मनात उघडलंय.

बाबा, तुमच्यासाठी दोन गाणी राखून ठेवली आहेत.

एक 'ब्रॅडमन'. अख्खं सात मिनिटांचं गाणं डॉन ब्रॅडमनवर. ऐकताना मला आपले सांगलीचे विजय हजारे आठवले, आणि तुम्ही जेवता जेवता सांगायचात तो १९४८ चा अ‍ॅडलेडचा सामना. हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतक ठोकलं, ११६ आणि १४५, आणि त्याच सामन्यात २०१ वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळाही उडवला. आपण डावाने हरलो, पण तुमच्या सांगण्यात ते नेहमी सगळ्यात शेवटी यायचं. गेल्या वर्षी अ‍ॅडलेडला गेले तेव्हा त्या मैदानाच्या बाहेर उभी राहून तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही उचलला नाहीत, तिकडे पहाटेचे चार वाजले होते. कशासाठी केला होता ते आज सांगतेय.

दुसरं गाणं जमिनीचं आहे, आणि ते तुम्ही ऐकाच. तुम्ही जन्मभर तलाठी म्हणून फेरफार लिहिलेत, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. केलीने ते केव्ह कारमडीबरोबर रचलं. कारमडी इथल्या मूळच्या, आदिवासी समाजातला कवी-गायक. दोघं मित्र एकदा रानात मुक्कामाला गेले होते, शेकोटीपाशी बसून गाणं झालं. नाव, 'फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो'. गोष्ट खरी. उत्तरेकडे वेव्ह हिल म्हणून गुरं पाळायची प्रचंड मोठी जागा होती, एका इंग्रज लॉर्डच्या, वेस्टी घराण्याच्या ताब्यात. जमीन मुळात गुरिंजी लोकांची. तेच तिथे गुरं राखायचे, मालकाच्या घरी राबायचे, आणि मोबदला म्हणजे बराचसा शिधा, पीठ, चहा, साखर. १९६६ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी नावाच्या माणसाने काम सोडलं. त्याच्यामागून सुमारे २०० माणसं बायकामुलांसह चालत निघाली आणि एका ओढ्याकाठी जाऊन बसली. आधी सगळ्यांना वाटलं, पगाराचं भांडण आहे, वाढवून दिला की उठतील. ते उठले नाहीत. त्यांना जमीन हवी होती. नऊ वर्षं बसले.

१६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे गेले. कागद हातात दिले, आणि मग वाकून मूठभर माती उचलली आणि लिंगिआरींच्या ओंजळीत सोडली. त्याचा फोटो इथे सगळ्यांना माहीत आहे. ताम्रवर्णी माती, उघडा हात, आणि पिवळ्या उन्हात उभे असलेले दोघं. तुम्ही लगेच विचाराल, सातबारा कुणाच्या नावावर झाला? बाबा, त्या दिवशी मिळाला तो भाडेपट्टाच. पूर्ण मालकी १९८६ मध्ये झाली. गाण्यात हा तपशील नाही, मी तुमच्यासाठी शोधला. व्हिटलम गेले तेव्हा २०१४ साली, सिडनीच्या टाऊन हॉलमधल्या श्रद्धांजली सभेत केली आणि कारमडी यांनी हेच गाणं म्हटलं. मोर्चात, शाळेत, कुठेही ते लागलं की लोक बरोबर म्हणायला लागतात. तुम्ही फेरफाराची नोंद करताना शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचात आणि नोंद त्याला मोठ्याने वाचून दाखवायचात, ते मी ओसरीवर बसून बघितलंय. हे गाणं मला त्या वाचनासारखं वाटतं. कुणाची जमीन, कोण बसलं, किती वर्षं, शेवटी कुणाच्या हातात आली. नाव घेऊन, सावकाश.

आणखी एक गाणं आहे, 'डीपर वॉटर'. पाच वर्षांचं पोर समुद्राच्या काठाशी लाटांवरून उड्या मारतंय. बाप येतो, त्याचा हात धरून खोल पाण्यात नेतो. पुढे तेच पोर मोठं होतं, लग्न करतं, त्याला मूल होतं, बायको आजारी पडून जाते. आणि मग तो आपल्या लेकराला उचलून घेऊन तसाच पाण्यात उतरतो. केलीचे स्वतःचे वडील तो १३ वर्षांचा असतानाच गेले. कृष्णेच्या घाटावर तुम्ही माझ्या पाठीला डबा बांधलात, पोटाखाली हात धरलात, आणि म्हणालात, "सोडत नाही." हात कधी काढलात ते मला कळलंच नाही. मी वळून बघितलं तेव्हा तुम्ही चार हात मागे, छातीभर पाण्यात उभे होतात. आई पायऱ्यांवर टॉवेल धरून ओरडत होती. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्येच बंद केलं आणि आठ दिवसांनी पुरं ऐकलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

केलीचं एक गाणं आहे, 'दे थॉट आय वॉज अस्लीप'. रात्रीचा प्रवास. मागच्या सीटवर मूल, पुढे आई-वडील. त्यांना वाटतंय पोर झोपलंय. पोर जागं आहे, आणि त्याला पुढून रडणं ऐकू येतं. ते डोळे मिटून पडून राहतं. काय झालं होतं ते गाण्यात येत नाही, कारण मुलाला ते कधी कळलंच नाही, आणि त्याने कधी विचारलं नाही.

मीही जागी होते.

मी नऊ वर्षांची होते. आपण काकांची जीप घेऊन आजोळहून परत येत होतो. दादा माझ्या मांडीवर डोकं ठेवून खरंच झोपला होता. आई, तू रडत होतीस, आवाज न करता, पण तुझी बांगडी दाराच्या पत्र्यावर वाजत होती. बाबा, तुम्ही रसवंतीच्या बंद टपरीपाशी गाडी लावलीत. इंजिन बंद झालं. मग मला फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तो कर्रर्र आवाज, आणि तुम्ही म्हणालात, "घे. दोन घोट घे." आणि तुमचाही आवाज सरळ नव्हता. नंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. उसाच्या चिपाडांचा आंबूस वास येत होता. मी डोळे इतके गच्च मिटले होते की दुखायला लागले.

सकाळी आईने रोजच्यासारखी माझी वेणी घातली. मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर तुम्हाला कळेल की मी ऐकलं, आणि मग तुम्ही माझ्यासमोर आणखी जपून वागाल. आजही काय झालं होतं ते मला सांगाच असं म्हणत नाही. तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. फक्त एवढंच सांगायचं होतं, की त्या रात्री जीपमध्ये तुम्ही दोघंच नव्हतात. मी होते. आणि तांब्याचा तो आवाज ऐकल्यावर माझी भीती गेली.

आई, पत्राचं उत्तर पत्रानेच दे. तुला चष्म्याचा त्रास होत असेल तर दादाला लिहायला सांग, पण सही तू कर.

आणि बाबा, मला रश्श्याची कृती हवी आहे. फोनवर विचारलं की तुम्ही म्हणता, "अंदाजाने घालायचं." तसं नको. खोबरं किती भाजायचं, आईचा कांदा-लसूण मसाला किती चमचे, कट वर यायला आच कधी कमी करायची, सगळं ओळीने लिहा, नोंदीत लिहायचात तसं. मसाल्याची पिशवी शिल्लक आहे, गेल्या वेळी विमानतळावर फॉर्मवर लिहून, उघडून दाखवून आणलेली. पंचवीस तारखेला गोदामातली चार माणसं माझ्याकडे जेवायला येणार आहेत, ज्यांचं इथे कुणी नाही अशी. तो फोर्कलिफ्टवालाही येतोय. पत्र काही तोवर पोचणार नाही, तेव्हा या वेळी मी अंदाजानेच करीन.

गुडघ्याला तेल लावत जा. पायऱ्या एकेक करून उतरा.

तुमची,
धाकटी