सूचना : घरविम्याच्या नूतनीकरणापूर्वी

सर्व सभासदांस,

संस्थेच्या इमारतीच्या विम्याचे नूतनीकरण येत्या महिन्यात आहे. येत्या रविवारी सकाळी 10:30 वाजता संस्थेच्या कार्यालयात आपल्या फ्लॅटची स्वतंत्र पॉलिसी असल्यास तिची प्रत तपासणीसाठी घेऊन यावे. बँकेने गृहकर्जासोबत काढलेली पॉलिसीही आणावी. ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

1. विमा रक्कम बाजारभावाने लावू नका. जमिनीची किंमत विम्यात येत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकाम खर्च, एवढेच. उदा. 650 चौ. फूट × 2,500 रु. = 16,25,000 रु. फ्लॅट 90 लाखांचा म्हणून तेवढ्याचा विमा घेतला तर हप्ता फुकट जातो, भरपाई मात्र बांधकामाचीच मिळते.

2. इमारत संस्थेच्या पॉलिसीत असेल तर स्वतःसाठी फक्त घरसामानाचा विमा पुरतो. एकाच भिंतीचे दोन विमे काढून दुप्पट पैसे मिळत नाहीत.

3. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविमा पॉलिसीत (1 एप्रिल 2021 पासून लागू) इमारतीसोबत घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. त्यासाठी वेगळी पॉलिसी घेण्याआधी हे तपासा. मुदत 10 वर्षांपर्यंत घेता येते. सर्व वर्षांचा हप्ता एकरकमी भरल्यास सवलत किती, ते विचाराच.

हप्ता वाचवण्यासाठी भूकंप किंवा पूर वगळू नये. साध्या घरफोडीचे संरक्षण मूळ पॉलिसीत नसते, दागिन्यांसाठीही वेगळे कलम लागते.

प्रती न आणणाऱ्यांच्या पॉलिसीची तपासणी होणार नाही.

सचिव